हंगाम आला की एका गाडीची दोन बिलं: सर्व्हिसेसच्या प्रकल्पात दरवर्षी तीच अडचण का येते

अडचण अशी आहे. काटा, गोडाऊन, बिलिंग, उधारी, डीलरचं ॲप अशी वेगवेगळी सॉफ्टवेअरं सर्व्हिसेसनी, म्हणजे मागणी आली की उत्तर देणाऱ्या छोट्या प्रोग्रामांनी, एकमेकांना जोडली आहेत. या पद्धतीला सर्व्हिस ओरिएंटेड आर्किटेक्चर (एसओए) म्हणतात. एकेक सर्व्हिस सुटी तपासली तर ठणठणीत. पण गर्दीच्या दिवसांत एका गाडीची दोन बिलं निघतात, साठा उणे दिसतो, डीलरच्या खात्यावर भलतीच बाकी चढते. सर्व्हर बंद करून चालू केला की चार दिवस शांतता, मग ये रे माझ्या मागल्या.

जळगाव एमआयडीसीतल्या एका डाळमिलच्या धंद्यात हे जोडणीचं काम मी बघते. मिल इथे, गोडाऊनं भुसावळ आणि धुळ्याला, डीलर खानदेशभर आणि पलीकडे बऱ्हाणपूरपर्यंत. जानेवारीपासून तुरीची आवक वाढते, मागोमाग हरभरा येतो, आणि अखाजीपर्यंत (अक्षय्य तृतीयेपर्यंत) रोज संध्याकाळी फाटकावर गाड्यांची रांग असते. पहिल्या तिन्ही हंगामांत ही अडचण याच काळात आली. दोनदा आम्ही 'सर्व्हर कमी पडतो' म्हणून मेमरी वाढवून मोकळे झालो. तिसऱ्या वेळी मुळाशी गेलो, आणि मूळ सापडलं ते प्रकल्पाच्या पहिल्या महिन्यातल्या कागदांत. ज्यांच्याकडे असंच चाललं आहे त्यांनी मेमरीचा खर्च करण्याआधी हे वाचावं, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

आज दोन बिलं निघाली असतील तर

आधी तातडीचं. दुसऱ्या बिलाचं ई-इन्व्हॉइस (जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर झालेली बिलाची नोंद) पोर्टलवर २४ तासांच्या आत रद्द करता येतं. त्यावर ई-वे बिल (माल रस्त्याने नेण्याचा सरकारी कागद) निघालं असेल तर आधी ते रद्द करावं लागतं, त्याशिवाय ई-इन्व्हॉइस रद्द होत नाही. २४ तास उलटले की पोर्टलवर ते रद्द होत नाही, मग साधारणपणे क्रेडिट नोट (बिलाची रक्कम उलटवणारा कागद) काढावी लागते. रद्द केलेला बिल क्रमांक पुन्हा वापरता येत नाही, म्हणून वहीत त्या क्रमांकापुढे कारण लिहून ठेवा. ऑडिटला तोच प्रश्न येतो. आणि फाटकावरच्या माणसाला आजच सांगा की बिल यायला उशीर झाला तर बटण पुन्हा दाबायचं नाही. याने अडचण सुटत नाही, फक्त आजची संध्याकाळ निघते.

एकच गाडी धरा आणि शेवटपर्यंत जा

अख्खी यंत्रणा तपासायला बसलात तर हाती काही लागणार नाही. काट्यावर बसणारा आमचा मुलगा अमळनेरकडचा. त्याचा फोन आला, "ताई, एकच गाडीना दोन बिलं उनात. कोनतं देऊ?" मी म्हटलं, "दादा, गाडी थांबव आणि दोन्ही बिलांचे फोटो पाठव." ११८७ आणि ११८८. डीलर तोच, माल तोच, वजन तेच, आणि दोन्हींवर ई-इन्व्हॉइसचा क्यूआर कोड. म्हणजे सरकारी पोर्टलनेही दोन्ही बिलं खरी मानली होती.

पाच ठिकाणचे लॉग (सर्व्हरने आपोआप केलेल्या वेळेसकट नोंदी) काढून शेजारी ठेवले. पहिला खोडा तिथेच बसला, घड्याळं जुळेनात. बिलिंगचा सर्व्हर चार मिनिटं पुढे होता. त्यामुळे आधीच्या दोन हंगामांत लॉग पाहूनही काही उमगलं नव्हतं. मागणी एका वेळेची आणि बिल भलत्याच वेळेचं दिसायचं. सगळ्या सर्व्हरची घड्याळं एकाच वेळ-सर्व्हरला बांधणं हे दहा मिनिटांचं काम आहे. बाकी काही करण्याआधी ते करा.

चार मिनिटं वजा केल्यावर चित्र स्पष्ट झालं. डिस्पॅचने (गाडी रवाना करणाऱ्या सॉफ्टवेअरने) ६ वाजून ४२ मिनिटं १० सेकंदांनी बिल मागितलं. बिलिंगने ११८७ क्रमांक दिला आणि ते ई-इन्व्हॉइस पोर्टलच्या उत्तराची वाट पाहत थांबलं. डिस्पॅचची थांबण्याची मर्यादा ३० सेकंद. ४० व्या सेकंदाला त्याने 'उत्तर नाही' असं धरून तीच मागणी पुन्हा पाठवली. बिलिंगला ती नवीच वाटली, त्याने ११८८ दिला. पहिलं उत्तर ५७ व्या सेकंदाला आलं, म्हणजे मागणीनंतर ४७ सेकंदांनी. दुसरंही पाठोपाठ आलं. दोन्ही सर्व्हिसेसनी आपापलं काम चोख केलं होतं. चूक होती दोघींच्या मधल्या करारात, आणि असा करार कुणी लिहिलाच नव्हता.

पोर्टलने दुसरं बिल अडवलं का नाही, हे समजून घेण्यासारखं आहे. प्रत्येक ई-इन्व्हॉइसला मिळणारा ६४ अक्षरांचा आयआरएन (इन्व्हॉइस रेफरन्स नंबर) हा विक्रेत्याचा जीएसटी क्रमांक, आर्थिक वर्ष, कागदाचा प्रकार आणि बिल क्रमांक या चार गोष्टींवरून तयार होतो. तोच बिल क्रमांक पुन्हा पाठवला तर पोर्टल २१५० क्रमांकाची चूक दाखवून 'हा आयआरएन आधीच आहे' म्हणतं. पोर्टलकडे पहारा आहे. पण आम्ही प्रत्येक वेळी नवा बिल क्रमांक घेऊन दारात जात होतो, तर पहारेकरी ओळखणार कसा?

इलाज तोच, एक पायरी अलीकडे आणायचा. आता डिस्पॅच बिल मागताना गेटपासचा (गाडीच्या फाटकावरच्या चिठ्ठीचा) क्रमांक आणि आर्थिक वर्ष सोबत पाठवतं. बिलिंग हा जोड आधी आपल्या तक्त्यात नोंदवतं, आणि त्या रकान्यात एकच नोंद बसेल असं बंधन डेटाबेसमध्येच घातलं आहे. तोच जोड पुन्हा आला तर नवं बिल निघत नाही. आधीचं झालं असेल तर तेच परत दिलं जातं, नसेल तर 'काम चालू आहे' एवढं उत्तर जातं. पोर्टलकडून उत्तर आलं नाही तरी बिल क्रमांक बदलत नाही. तोच पुन्हा पाठवायचा. २१५० आलं तर ती आनंदाची बातमी समजा: काम आधीच झालं आहे, त्या क्रमांकाचा आयआरएन मागवून घ्या आणि पुढे चला.

फाटक कुणाकुणावर अडकतं ते मोजा

एवढ्याने दोन बिलं थांबली. फाटकावरची रांग थांबली नाही. डिस्पॅच बिलिंगला विचारायचं, बिलिंग उधारीला, उधारी खातेवहीला, खातेवही साठ्याला, आणि सगळ्यांची उत्तरं येईपर्यंत गाडी उभी. एकेक सर्व्हिस शंभरातले नव्याण्णव वेळा चालते असं धरलं, तरी पाच सर्व्हिसेस एकीमागे एक बांधल्या की साखळी शंभरात साधारण ९५ वेळाच पूर्ण होते. महिन्याचे ७२० तास धरले तर जवळपास ३५ तास साखळी तुटलेली. सुट्या तपासणीत हे कधीच दिसत नाही, कारण तिथे प्रत्येकीला नव्याण्णव गुण मिळालेले असतात. उन्हाळ्यात दुपारी लाईट गेली आणि धुळ्याच्या गोडाऊनचं नेट बसलं, की जळगावच्या फाटकावर गाडी अडायची. त्या गाडीचा धुळ्याशी काडीचा संबंध नसायचा.

आम्ही एका कागदावर लिहिलं: गाडी फाटकाबाहेर जायला नेमकं काय लागतं? कर ठरलेला हवा, बिल हवं, आणि करपात्र माल मर्यादेवरचा (राज्याबाहेर जाताना ५०,००० रुपये, महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात एक लाख) असेल तर ई-वे बिल हवं, कारण त्याशिवाय गाडी रस्त्यावर आणणं कायद्यात बसत नाही. उधारी-मर्यादेची तपासणीही लागते, पण ती ऑर्डर घेतानाच करता येते; फाटकावर कशाला? बाकीचं, म्हणजे खातेवहीत नोंद, डीलरला मेसेज, शेठजींच्या मोबाईलवरचा अहवाल, हे सगळं पाच मिनिटांनी झालं तरी चालतं. त्या कामांच्या चिठ्ठ्या आता रांगेत पडतात आणि ज्याची त्याची सर्व्हिस सवडीने उचलते. रांगेमुळे एक नवी गोष्ट सांभाळावी लागते: चिठ्ठी दोनदा उचलली गेली तरी नोंद एकदाच व्हावी. तिथेही गेटपासचाच क्रमांक कामी येतो.

एकशे ऐंशी काय?

ही चूक छोटी आहे, पण तिने आम्हाला सगळ्यात जास्त छळलं. साठा उणे का जातो हे शोधताना एक ओळ सापडली: 'वजन: १८०'. काटा किलोत बोलतो. साठ्याचा हिशेब क्विंटलमध्ये. डिस्पॅचवाला मोजतो कट्टे. १८० कट्टे ५० किलोचे असतील तर ९० क्विंटल, ३० किलोचे असतील तर ५४. डिस्पॅचने कट्टे पाठवले आणि साठ्याने ते क्विंटल समजून १८० क्विंटल वजा केले. दोन्ही बाजूंच्या प्रोग्रामांना आकडा हवा होता, आकडा मिळाला, कुणीच तक्रार केली नाही.

आता वजनाच्या आकड्याबरोबर एकक सक्तीचं आहे, आणि कट्टा असेल तर भरतीही, म्हणजे एका कट्ट्यात किती किलो. एकक नसेल तर मागणी तिथल्या तिथे परत जाते. इथे एक सावधगिरी. हे पाहून काही लोक अख्ख्या कंपनीचा शब्दकोश करायला निघतात. प्रत्येक शब्दाची सगळ्यांना मान्य एकच व्याख्या. आमच्या पहिल्या वर्षातले चार महिने त्यात गेले आणि हाती काही आलं नाही, कारण खरेदीवाल्याचा 'माल' आणि विक्रीवाल्याचा 'माल' वेगळाच असतो आणि तसा असायलाही हवा. ज्या शब्दांवरून दोन विभागांत पैसे किंवा माल इकडचा तिकडे होतो तेवढेच ठरवा. आमचे सहा निघाले: वजन, भरती, दर, डीलर, गेटपास, तारीख.

मूळ कुठे आहे

वरचे तिन्ही इलाज तांत्रिक आहेत आणि ते कुठल्याही चांगल्या प्रोग्रामरला जमतील. तरीही पुढच्या हंगामात तसलंच काहीतरी नव्या वेषात आलं असतं. इथंच घोडं पेंड खातं.

प्रकल्प सुरू झाला तेव्हा सर्व्हिसेसची यादी करताना आम्ही हातात असलेली सॉफ्टवेअरं मोजली आणि प्रत्येकाला एक सर्व्हिस लावली. काट्याची, गोडाऊनची, अकाउंटची. मेल्विन कॉनवे या संगणकतज्ज्ञाने १९६८ साली लिहून ठेवलं आहे की संस्थेतली माणसं जशी एकमेकांशी बोलतात, तशीच रचना तिने बनवलेल्या यंत्रणेत उतरते. आमच्याकडे काटा आणि अकाउंट यांचं बोलणं फक्त भांडण झाल्यावर व्हायचं. सॉफ्टवेअरंही तशीच बोलत होती.

याचा सगळ्यात महागडा नमुना कराचा. १८ जुलै २०२२ पासून डाळीवरच्या जीएसटीचा नियम बदलला. आधी प्रश्न असायचा ब्रँडचा. त्या दिवसापासून २५ किलोपर्यंतच्या, आधीच पॅक आणि लेबल केलेल्या मालावर ५ टक्के लागू झाले, आणि २५ किलोवरचं पॅकिंग बाहेर राहिलं. नियम एक ओळीचा. पण तो आमच्याकडे चार ठिकाणी लिहिलेला होता: बिलिंगमध्ये, ऑर्डरमध्ये, अहवालात आणि डीलरच्या ॲपमध्ये. तीन ठिकाणी बदल झाला, ॲप राहिलं. डीलरला मोबाईलवर एक रक्कम दिसायची, हातात बिल दुसऱ्याच रकमेचं. रावेरच्या एका जुन्या डीलरने मला फोनवर विचारलं, "ताई, तुमचं कोणतं खरं मानायचं?" पंधरा वर्षांचा व्यवहार असलेल्या माणसाने असं विचारावं, हे मला फार लागलं.

सर्व्हिस ही धंद्यातल्या एका कामाची असायला हवी: 'या मालावर कर किती', 'या डीलरला माल देता येईल का', 'या गेटपासचं बिल काढ'. मग नियम बदलला की एका जागी बदलतो. आता कर-सर्व्हिस एकच आहे आणि चौघंही तिलाच विचारतात.

आणि तिचा धनी कोण? २००६ साली ओएसिस या संगणकक्षेत्रातली मानकं ठरवणाऱ्या संस्थेने सर्व्हिस ओरिएंटेड आर्किटेक्चरचं संदर्भ-प्रारूप प्रसिद्ध केलं. त्यातल्या व्याख्येतच आहे की या क्षमता वेगवेगळ्या मालकीच्या हद्दींत विखुरलेल्या असू शकतात. मालकी हा शब्द व्याख्येत आहे, आणि बहुतेक प्रकल्पांच्या कागदांत नेमका तोच नसतो. व्हेंडर सर्व्हिस बनवून जातो, आयटीवाला ती चालू ठेवतो, पण तिने काय उत्तर द्यावं हे ठरवणारा माणूस कुणीच नसतो.

आमच्या कर-सर्व्हिसचे धनी मुनीमजी आहेत. मी त्यांच्या टेबलाशी बसून विचारलं, "काका, पंचवीस किलोच्या पिशवीवर कर लावायचा की नाही, हे शेवटी कोण सांगणार?" ते म्हणाले, "मीच सांगतो की. तीस वर्षं सांगतोय." मग मी कागदावर त्यांचं नाव लिहिलं आणि त्यांनी सही केली. आता त्या सर्व्हिसमधला एकही नियम त्यांच्या सहीशिवाय बदलत नाही, आणि बदलायच्या आधी ते स्वतः दहा खरी बिलं घालून उत्तर बघतात. गेल्या वर्षी त्यांनी अशीच एक चूक पकडली, ती माझ्या नजरेतून सुटली असती.

प्रत्येक सर्व्हिसचं असं एक पान आहे. नाव, धंद्यातला धनी, तांत्रिक धनी, कोण कोण तिला हाक मारतं, किती सेकंदांत उत्तर अपेक्षित आहे, ती बंद असेल तर फाटकावरच्या माणसाने काय करायचं. यादी ठेवायला महागडं साधन घ्यायच्या फंदात सुरुवातीलाच पडू नका. २००० च्या सुमारास मोठमोठ्या कंपन्यांनी जगभरच्या सर्व्हिसेसची सार्वजनिक यादी उभारली होती. आयबीएम, मायक्रोसॉफ्ट आणि एसएपी यांनी ती २००६ च्या जानेवारीत बंद केली. आमची यादी एका स्प्रेडशीटमध्ये आहे आणि तिची छापील प्रत काट्याच्या खोलीत भिंतीवर आहे.

व्हेंडरला पैसे कशाचे द्यायचे

आमच्या पहिल्या करारात पैसे सर्व्हिसेसच्या संख्येवर होते. बावीस सर्व्हिसेस मिळाल्या, त्यातल्या नऊ कधीच कुणी वापरल्या नाहीत. त्यात व्हेंडरचा दोष नाही, आम्ही मागितलं तेच त्याने दिलं. शिवाय सर्व्हिसेसमध्ये निरोप पोचवणारं मोठं सॉफ्टवेअर, ज्याला 'बस' म्हणतात, ते आधी विकत घेतलं आणि हळूहळू धंद्याचे नियम त्या बसमध्येच लिहिले गेले, कारण तिथे लिहिणं सोपं होतं. ते बाहेर काढायला एक वर्ष लागलं. बस निरोप पोचवेल; कर ठरवणार नाही, हे करारातच लिहा.

दुसऱ्या करारात हप्ते गाडीवर बांधले. पहिला हप्ता: एका डीलरची एक गाडी ऑर्डरपासून खातेवहीपर्यंत कुणी हात न लावता गेली पाहिजे. दुसरा: जळगावच्या सगळ्या गाड्या सलग पंधरा दिवस. मग भुसावळ, मग धुळे. प्रत्येक टप्प्यावर शेठजींना दाखवायला खरी गोष्ट होती, त्यामुळे पुढचे पैसे मागताना मला भांडावं लागलं नाही. २००९ च्या एसओए जाहीरनाम्यात पहिलंच मूल्य आहे ते तांत्रिक धोरणापेक्षा धंद्याच्या हिताला जास्त मान देण्याचं. तो वाचून दोन वर्षं झाली होती. त्याचा अर्थ मला हप्ते लिहिताना कळला.

बदलांचं वेळापत्रकही करारात आहे. जानेवारी ते अखाजी सर्व्हिसेसमधल्या मागणी-उत्तराच्या ठरलेल्या रचनेत एकही बदल नाही, कायद्याने भाग पाडलं तरच. नवा रकाना वाढवायला हरकत नाही. जुना काढायचा किंवा त्याचा अर्थ बदलायचा तर नवी आवृत्ती, आणि शेवटचा वापरणारा हलेपर्यंत जुनी चालू.

मुद्दाम बिघडवून बघा

हंगामाआधी, डिसेंबरच्या एका रविवारी, आम्ही चाचणीच्या यंत्रणेवर पोर्टलचं उत्तर मुद्दाम साठ सेकंद उशिरा देतो. मग एका सर्व्हिसची केबल काढतो. मग घड्याळ पाच मिनिटं पुढे करतो. काट्यावरचा तो अमळनेरचा मुलगा स्वतः शेजारी बसून गेटपास काढतो, कारण बटण दोनदा कधी दाबावंसं वाटतं हे त्यालाच माहीत. पहिल्या वर्षी त्याने दाखवलं की स्क्रीनवर नुसतं फिरणारं चक्र असलं की हात आपोआप जातो. तिथे आता 'बिल चालू आहे, गेटपास अमुक' असं लिहून येतं. दोनदा दाबणं त्यानेच जवळजवळ थांबलं.

चाळीसगावच्या एका ओळखीच्या दुकानदाराने हे ऐकून आपल्याकडेही सर्व्हिसेस बसवून द्या म्हटलं. त्यांच्याकडे एक दुकान, दोन सॉफ्टवेअरं. मी नको म्हटलं. रोज रात्री एक फाईल इकडून तिकडे गेली की त्यांचं काम होतं. तिच्यासाठी एवढा पसारा नको.

मागच्या हंगामात दोन बिलांचा एकही फोन आला नाही. साठा एकदा उणे गेला, तो भुसावळच्या एका जुन्या मोबाईल ॲपमुळे, ते बदललं. भिंतीवरच्या यादीत डीलरला मेसेज पाठवणाऱ्या सर्व्हिससमोर धंद्यातल्या धन्याचा रकाना अजून रिकामा आहे. विक्री म्हणते तो अकाउंटचा, अकाउंट म्हणतं विक्रीचा. डिसेंबरच्या चाचणीआधी तिथे एक नाव आणि सही हवी आहे, आणि ती मिळेपर्यंत त्या सर्व्हिसमध्ये कुठलाही बदल करायचा नाही असं मी लेखी कळवलं आहे.